मंद आचेवरचा स्वयंपाक : बाईचा वेळ वाचवणारी साधी पद्धत

आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत आपल्या विहारांतून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचं वाचन चालतं. उमरगा शहर असो की तालुक्यातली खेडी, वाचनाची वेळ बहुतेक ठिकाणी संध्याकाळचीच असते. नेमक्या त्याच वेळी घराघरांत चुली पेटलेल्या असतात. खुरपणीहून, सोयाबीनच्या काढणीहून आलेली बाई आधी कोरड्यास टाकते, मग भाकरी थापते आणि सगळ्यांची जेवणं उरकल्यावर विहारात येते. तोवर वाचन संपत आलेलं असतं. वस्तीवर बैठका घेताना आम्हाला हे वारंवार दिसतं. म्हणून आज धम्माच्या या पानावर आम्ही स्वयंपाकाविषयी लिहीत आहोत.

केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटं बिनमोल घरकामात घालवतात. पुरुषांचा आकडा ९७ मिनिटांचा आहे. या पाच तासांतला मोठा वाटा चुलीपुढे जातो. त्यातही बराचसा वेळ प्रत्यक्ष हात चालवण्याचा नसतो. डाळ उतू जाते का, भाजी खाली लागते का, जाळ विझतो का, हे बघत बसण्यातच तो जातो. हा राखणीचा वेळ वाचवता येतो.

नवीन यंत्र, जुनी रीत

स्लो कुकर म्हणजे विजेवर तापणारं, झाकणाचं जाड मातीचं किंवा चिनी मातीचं भांडं. त्याची आच इतकी मंद असते की पदार्थ सहा-आठ तासांत सावकाश शिजतो, करपत नाही, ढवळावाही लागत नाही. अमेरिकेत आयर्विंग नॅक्सन यांना अशा भांड्याचं पेटंट १९४० मध्ये मिळालं. ज्यू लोक शब्बाथच्या दिवशी चूल पेटवत नाहीत. त्यामुळे त्यांच्याकडे आदल्या दिवशीच कडधान्य-मांसाचं भांडं भट्टीत ठेवायची रीत होती, आणि नॅक्सन यांना कल्पना सुचली ती त्यावरूनच. १९७१ मध्ये हे भांडं ‘क्रॉक-पॉट’ नावाने बाजारात आलं आणि नोकरी करणाऱ्या बायकांनी ते उचलून धरलं.

आपल्याकडेही ही रीत नवी नाही. भाकरी झाल्या की वैलावर किंवा आरावर वरणाचं गाडगं ठेवायचं, हुलग्याच्या घुगऱ्या रात्रभर निखाऱ्यावर शिजू द्यायच्या, ज्वारीच्या कण्या मंद जाळावर आटवायच्या, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. वजडी, पाया यांसारखे चिवट भाग तर मंद आचेशिवाय खाण्याजोगे होतच नाहीत. मराठवाड्यातल्या महार-मांग समाजाच्या या खाद्यसंस्कृतीवर आपल्याच जिल्ह्यातले शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक लिहिलं आहे. ज्यांच्या वाट्याला चांगलं सरपण, तेल आणि मऊ मांस आलं नाही, त्यांनी वेळ आणि आच यांच्या जोरावर चव आणली. पण तो वेळ बाईचा होता, आणि धूरही तिनेच सोसला. तुराट्या, गोवऱ्या, पाचट यांच्या धुराने घरातली हवा बिघडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या अशा प्रदूषणामुळे २०२० या एका वर्षात जगात ३२ लाख माणसं दगावली. म्हणून जुनं ज्ञान घ्यावं, धूर मागे टाकावा.

वीज किती लागते?

स्लो कुकरने वीजबिल वाचतं असं नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. १५० वॅटचा कुकर आठ तास चालला तर १.२ युनिट वीज लागते. हेच वरण १२०० वॅटच्या इंडक्शन शेगडीवर प्रेशर कुकरमध्ये वीस मिनिटांत होतं आणि वीज लागते ०.४ युनिट. म्हणजे वाचतो तो वेळ, पैसा नव्हे. शिवाय आपल्या भागात वीज कधी जाईल याचा नेम नाही. ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. पदार्थ अर्धवट शिजलेला असताना वीज गेली आणि दोन तासांत आली नाही, तर तो पदार्थ खाऊ नये. वीज गेल्याचं लगेच कळलं तर तेवढ्यातच गॅसवर शिजवून घ्यावा.

विजेशिवाय : उबेची पेटी

मजुरी करणाऱ्या घरासाठी याहून स्वस्त उपाय आहे. पदार्थाला गॅसवर चांगली उकळी आणायची आणि भांडं झाकणासकट उबदार पेटीत ठेवून द्यायचं. आतल्या उष्णतेवर पदार्थ शिजत राहतो. गॅस फक्त उकळीपुरता लागतो.

पेटी घरीच होते. मोठी टोपली, लाकडी खोकं किंवा पत्र्याचा डबा घ्या. तळाला आणि चारही बाजूंनी निदान चार बोटं जाडीचा कोरडा भुसा, कडब्याची कुट्टी किंवा जुन्या वाकळीचे तुकडे दाबून भरा. मधे भांडं घट्ट बसेल एवढीच जागा ठेवा. वरून जाड उशी किंवा घडी केलेली वाकळ टाका. भांडं पाऊण भरलेलं असावं, कारण रिकाम्या भांड्यात ऊब टिकत नाही. मधेमधे उघडून बघू नये.

साधारण वेळा अशा :

• भात : पाच मिनिटं उकळी, मग पाऊण ते एक तास पेटीत.
• तूरडाळ : अर्धा तास भिजवून दहा मिनिटं उकळी, मग दीड तास.
• ज्वारीच्या कण्या : भिजवून दहा मिनिटं उकळी, मग दोन तास.
• हुलगे, मटकी, हरभरा : रात्रभर भिजवून वीस मिनिटं उकळी, मग तीन-चार तास.

आपल्या बोअरच्या जड पाण्यात डाळ लवकर मऊ होत नाही. भिजवताना चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला तर फरक पडतो. चिंच, टोमॅटो शेवटी घाला. आंबटामुळे कडधान्य कडक राहतं. मंद आचेवर पाणी आटत नाही, म्हणून नेहमीपेक्षा कमी पाणी ठेवा. येसर किंवा फोडणी शेवटी दिली की चव जात नाही. पेटीतून काढल्यावर पदार्थ पुन्हा एकदा उकळून मगच वाढा, आणि रात्रभर पेटीत ठेवू नका.

दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. राजमा स्लो कुकरमध्ये कधीही कच्चा टाकू नये. त्यातलं विषारी द्रव्य मंद आचेने मरत नाही, उलट वाढू शकतं. रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, ताज्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळून उकळल्यावरच तो मंद आचेवर ठेवावा. आणि मटण-चिकन शिजवायला ही पेटी वापरू नये. त्याला प्रेशर कुकर किंवा विजेचा स्लो कुकर बरा.

वेळ कोणाचा?

भाकरी मात्र गरमच लागते, ती कुठल्या पेटीत होत नाही. पण कोरड्यास आणि भात दुपारीच मार्गी लागले, तर संध्याकाळी भाकरीचंच काम उरतं. उपोसथाला, जेव्हा जेवण दुपारी बाराच्या आत उरकायचं असतं, तेव्हाही सकाळची धावपळ कमी होते.

इथे पुरुषांना एक सांगणं आहे. पाणी उकळणं, डाळ टाकणं आणि भांडं पेटीत ठेवणं याला सुगरण असावं लागत नाही. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी पतीची कर्तव्यं सांगितली आहेत, त्यांत पत्नीचा मान राखणं येतं. त्याच सुत्तात कामकऱ्याला त्याच्या ताकदीनुसार काम द्यावं असंही सांगितलं आहे. दिवसभर रानात राबलेल्या बाईला घरी आल्यावर दुसरी पाळी करायला लावणं यात कुठे बसतं, याचा विचार आपणच करावा.

बाबासाहेबांनी जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजावी असं सांगितलं. पुढे केंद्रात मजूर खातं सांभाळताना देशाच्या वीजधोरणाची पायाभरणीही त्यांनी केली. ती वीज आज आपल्या घरात आली आहे, काही घरांत गॅसही आहे. त्यातून बाईचा किती वेळ मोकळा झाला, हे बघायला हवं.

येत्या वर्षावासात प्रत्येक विहारात एक उबेची पेटी करून दाखवावी, अशी आमची विनंती आहे. भुसा गावात आहे, जुनी वाकळ प्रत्येक घरात आहे. वाचन सुरू होताना बायका मागच्या दाराशी उभ्या न राहता पहिल्या ओळीत बसल्या आणि ग्रंथ त्यांच्याही हाती आला, तर ही खटपट सार्थकी लागेल.

जय भीम.