तांदळाच्या दोन गोणी : पालक आणि मुख्याध्यापक यांच्यात भांडण का होते?

ख्रिस्तामध्ये प्रिय बंधुभगिनींनो,



"ताई, पाड्यावरचा माता-पालक गट इतका चांगला चालला होता, मग मुख्याध्यापकांशी बिनसले कसे?" असे आपल्यापैकी काही जणांनी मला विचारले. आपल्या प्रार्थनेवर आणि देणगीवर हा गट उभा राहिला आहे, तेव्हा त्याचा हिशोब देणे माझे कर्तव्य आहे. या प्रकरणात एक चूक माझीही आहे. तीही येथे सांगते.

सातपुड्यातील हा पाडा डांबरी रस्त्यापासून तासभर चढावर आहे. पहिली ते पाचवीची जिल्हा परिषदेची शाळा, दोन शिक्षक आणि पटावर ४२ मुले. घरी पावरी बोली, पुस्तकात मराठी. दिवाळीनंतर बरीच घरे ऊसतोडीसाठी गुजरातेत बारडोलीकडे जातात आणि होळीला परततात. आमच्या गटात नऊ आया. त्या पाळीपाळीने शाळेत जात, मुलांचे हात धुऊन घेत, अंगण झाडत आणि पहिलीच्या वर्गात बसून गुरुजींचे मराठी पावरीत समजावून सांगत.

जानेवारीत गटातील एका आईने फळ्यावर 'हजर ४१' असे वाचले. ती सातवी शिकलेली आहे. तिने मुले मोजली, तर २७ भरली. तिने सहज विचारले, "मग चौदा पोरांचा भात कोण खातो?" हा प्रश्न पाणवठ्यावर पोहोचला आणि दोन दिवसांत त्याचे "गुरुजी तांदूळ विकतात" असे झाले. मुख्याध्यापकांच्या कानावर ते गेले. त्यांनी गटाला सांगितले, "उद्यापासून शाळेत पाय ठेवायचा नाही." चिडलेल्या आयांनी मुले घरी ठेवली.

येथे माझी चूक झाली. शनिवारी मला हे कळले आणि सोमवारी मी तालुक्याच्या शिक्षण कार्यालयात अर्ज दिला. त्यावर नऊ जणींचे अंगठे व सह्या होत्या, पण मी सरांना एकदाही भेटले नव्हते. त्यांना नोटीस गेली. मिशनने बायकांना आपल्याविरुद्ध उठवले, असे त्यांना वाटले. त्या परिस्थितीत कोणालाही तसेच वाटले असते. शाळा आठ दिवस जवळजवळ रिकामी होती. त्याच दिवसांत चौथीतील एका मुलीला तिच्या मामाने ऊसतोडीच्या टोळीबरोबर नेले, धाकट्या भावंडांना सांभाळायला. "शाळा तर बंदच आहे," असे तिची आई म्हणाली.

कायदा काय सांगतो

शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. त्याच्या कलम २१ नुसार सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असावी लागते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य स्त्रिया. महाराष्ट्रात अध्यक्ष पालकांतून निवडला जातो आणि मुख्याध्यापक सचिव असतात. शाळेच्या कामावर देखरेख ठेवणे, विकास आराखडा तयार करणे आणि अनुदान कसे खर्च होते ते पाहणे हे समितीचे काम आहे.

म्हणजे आमच्या माता-पालक गटाला सेवा करता येते, पण हिशोब विचारण्याचा अधिकार समितीचा आहे. हा फरक आम्ही आयांना कधी सांगितलाच नव्हता. आणि समितीची अध्यक्ष त्यांच्यातलीच एक बाई होती, हेही गटातील बहुतेकींना माहीत नव्हते.

तक्रारीची वाटही कायद्यात आहे. कलम ३२ प्रमाणे लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे करता येते. दोन्ही बाजूंचे ऐकून घेऊन तीन महिन्यांच्या आत निर्णय द्यावा, असे ते कलम सांगते. म्हणजे समोरच्याचे ऐकणे कायद्यालाही हवे आहे. मी तेवढेही केले नव्हते.

बैठकीत काय निघाले

मी सरांच्या घरी जाऊन माफी मागितली. त्यांनी चहा दिला, पण बोलले फार नाहीत. पुढच्या आठवड्यात केंद्रप्रमुखांसमोर शाळेत बैठक झाली. या वेळी ती संध्याकाळी ठेवली, कारण सकाळी अकराला आया मजुरीवर असतात.

प्रथम समितीचे प्रोसिडिंग बुक मोठ्याने वाचले. दर महिन्याला "सर्वानुमते मंजूर" असे लिहिलेले होते आणि खाली अध्यक्षताईंचा अंगठा. त्या म्हणाल्या, "कोऱ्या पानावर अंगठे घेतले. कशाचे ते मला कोणी सांगितले नाही." सर म्हणाले, "दर महिन्याला निरोप देतो, कोणी येत नाही. वरून प्रोसिडिंग मागतात. मी काय करू?" दोघेही खरे बोलत होते.

मग कोठीची खोली उघडली. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला दररोज १०० ग्रॅम धान्य धरतात. चौदा मुलांचे होतात १ किलो ४०० ग्रॅम. सुमारे सत्तर दिवसांचे ९८ किलो, म्हणजे पन्नास किलोच्या दोन गोणींना थोडे कमी. खोलीच्या कोपऱ्यात दोन गोणी होत्या. तांदळाला किडा लागला होता. कोणी काही विकले नव्हते.

सरांनी सांगितले की हजेरी कमी दिसली तर दुसऱ्या शिक्षकाची जागा जाईल, अशी त्यांना भीती होती. म्हणून ऊसतोडीला गेलेल्या मुलांचीही हजेरी भरली, आणि मग उरलेला तांदूळ नोंदीत कसा दाखवावा हेच त्यांना कळेना. केंद्रप्रमुखांनी त्यांना कायद्याचे परिशिष्ट दाखवले. ६० पर्यंत मुलांना दोन शिक्षक असतात आणि त्यासाठी दाखल मुले मोजतात, एखाद्या दिवशी हजर असलेली नव्हे. खोटी हजेरी ही चूकच होती आणि त्याचा जाब सरांनी कार्यालयाला लेखी दिला. पण आयांनी चोर ठरवलेला माणूस चोर नव्हता. पाणवठ्यावर पहिल्यांदा ते बोललेली बाई सर्वांसमोर उठली आणि म्हणाली, "गुरुजी, माझी जीभ चुकली."

आता काय बदलले

ठरलेल्या गोष्टी साध्या आहेत. समितीची बैठक महिन्यातून एकदा, संध्याकाळी. लिहिलेले मराठीत आणि पावरीत वाचून दाखवल्याशिवाय कोणाचाही अंगठा घ्यायचा नाही. दोन आया रोज तांदूळ मोजताना हजर राहतात आणि फळ्यावर हजेरीशेजारी वजन लिहितात. गटातील कोणाला काही खटकले तर आधी सरांशी बोलायचे, मग समितीत मांडायचे आणि तरीही सुटले नाही तरच अर्ज. स्थलांतर करणाऱ्यांच्या मुलांसाठी सरकारची हंगामी वसतिगृहाची सोय आहे. मुले नातेवाइकांकडे गावातच राहतात आणि त्यांना जेवण मिळते. तो प्रस्ताव दिवाळीपूर्वी पाठवायचा, हेही प्रोसिडिंगमध्ये लिहिले आहे.

सर्व काही सुरळीत झाले असे मी म्हणणार नाही. सर अजून माझ्याशी मोजकेच बोलतात. ती मुलगी होळीला परतली, पण अद्याप शाळेत आलेली नाही. मी तिच्या घरी जात असते.

आपल्यासाठी

या दिवसांत मी प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय पुन्हा वाचला. पहिल्या मंडळीतील कुरकुर रोजच्या अन्नवाटपाचीच होती. ग्रीक भाषा बोलणाऱ्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होत होते. प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांना दटावले नाही, बाहेरही काढले नाही. सर्वांना एकत्र बोलावले, विश्वासू माणसे निवडायला सांगितली आणि वाटपाचे काम त्यांच्या हाती दिले. निवडलेल्या सातांची नावे ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती, त्यांच्याच हाती पळी आली असावी, असे मला वाटते.

आपल्या मिशनच्या शाळांविषयीही एक शब्द. अल्पसंख्याकांच्या शाळांना हा कायदा लागू नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ठरवले. तरीही आपल्या शाळेत आदिवासी आईला हिशोबाची वही उघडून दाखवली जाते का, हा प्रश्न आपण स्वतःला विचारावा. जिल्हा परिषदेच्या गुरुजींकडे मी जे मागितले, ते आपल्या शाळांकडे आणि वसतिगृहांकडे मागायला मी कचरत होते. आता तेही मागणार आहे.

प्रार्थनेसाठी विनंती : त्या मुलीसाठी आणि तिच्या आईसाठी, मुख्याध्यापक व त्यांच्या कुटुंबासाठी, अध्यक्षताईंसाठी (त्या आता सही करायला शिकत आहेत), आणि हंगामी वसतिगृह वेळेवर मंजूर व्हावे यासाठी.

प्रभूच्या सेवेतील आपली बहीण,
पाड्यावरील कार्यकर्ती