वाळूत बुडालेली घरं, वाळवंटातलं जहाज

पडक्या वास्तूंचे फोटो काढायची आवड असेल, तर नामिबियाचं नाव यादीत सगळ्यात वर लिहा.

लुडरिट्झ बंदराजवळचं कोलमन्सकोप. 1908 साली इथे रेल्वेमार्गावरची वाळू उपसताना झकारियास लेवाला या कामगाराला हिरा सापडला. त्याने तो मुकादम आउगुस्ट श्टाउखला दिला. श्रीमंत झाला श्टाउख. लेवालाचं नाव म्हणूनच आवर्जून घ्यावं! मग वाळवंटात जर्मन धाटणीचं गाव उभं राहिलं: इस्पितळ, बर्फाचा कारखाना, नाचगाण्याचं सभागृह. दक्षिणेला याहून मोठे साठे मिळाले तशी माणसं निघून गेली. 1956 पर्यंत गाव पूर्ण ओस पडलं आणि खिडक्या-दारांतून वाळू आत शिरली.

इथे जायला परवाना लागतो. सकाळी लवकर गेलात तर कोवळं तिरकं ऊन थेट खोल्यांत येतं, वाळूवरच्या लाटा ठळक दिसतात. खोली अंधारी आणि खिडकी लख्ख, म्हणून ट्रायपॉडवर वेगवेगळ्या एक्स्पोजरचे तीन फोटो घ्या. आधी दारातूनच टिपा, कारण पावलांचे ठसे पुसता येत नाहीत. लेन्स मात्र तिथे बदलू नका, बारीक वाळू थेट सेन्सरवर बसते. कुजलेल्या जिन्यांवर चढू नका.

उत्तरेला ‘एडुआर्ड बोहलेन’. हे मालवाहू जहाज 1909 च्या सप्टेंबरात धुक्यात किनाऱ्यावर रुतलं. वाऱ्याने वाळू साचत गेली, समुद्र मागे हटला. आज ते पाण्यापासून शेकडो मीटर आत, कोरड्या वाळूत आहे. याचा फोटो छोट्या विमानातूनच घ्यावा. जहाज आणि दूरचा समुद्र एका चौकटीत आले तरच गोष्ट कळते.