टेबल आधी उलटं करा

एखादी सोसायटी रीडेव्हलपमेंटसाठी रिकामी होत असते, तेव्हा शेवटच्या आठवड्यात तिच्या जिन्याखाली काय काय उभं असतं ते बघण्यासारखं असतं. सागवानी कपाट, आजोबांचं लिहायचं टेबल, वेत फाटलेल्या खुर्च्या, पितळी कड्या काढून घेतलेली झोपाळ्याची फळी. नव्या घरासाठी इंटिरियरवाल्याला आगाऊ रक्कम दिलेली असते आणि 'जुनं काही आणू नका' असं त्याने बजावलेलं असतं. शेवटी वॉचमन भंगारवाल्याला बोलावतो. त्याच सुमारास दोन गल्ल्या पलीकडे, गृहकर्जाचा पहिला हप्ता नुकताच भरलेलं एखादं कुटुंब रिकाम्या हॉलमध्ये सतरंजीवर बसून सोफ्याचा हप्ता किती पडेल याचा हिशेब करत असतं. या दोन घरांची गाठ क्वचितच पडते.

वरळीच्या बीडीडी चाळींचं बघा. १९२० च्या दशकात बांधलेल्या या चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. ऑगस्ट २०२५ मध्ये पुनर्विकासातल्या पहिल्या ५५६ रहिवाशांना चाव्या मिळाल्या, त्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या. एका खोलीत कॉट, कॉटखाली ट्रंका, एक लोखंडी कपाट आणि भिंतीला मांडणी एवढ्यात संसार मावत होता. जागा तिप्पट झाली की तेच सामान एकदम पोरकं दिसू लागतं. घर मिळालं म्हणून पगार काही तिप्पट होत नाही. मग मोठ्या शोरूममधून शून्य व्याजाच्या हप्त्यावर चकचकीत सेट येतो आणि हप्ते फिटेपर्यंत त्याच्या कडा फुगलेल्या असतात.

अशा घरांनी जुन्या सामानाकडे वळावं असं माझं मत आहे, आणि त्याचं पहिलं कारण स्वस्ताई नाही. जुनं लाकडी सामान दुरुस्त होतं. आज मध्यम किमतीत मिळणारं बहुतेक नवं सामान दुरुस्त होत नाही, फक्त बदलता येतं. जुनं घेतानाही कसोटी हीच लावावी: हे मोडलं तर आपल्या गल्लीतला सुतार ते जोडू शकेल का? उत्तर 'नाही' असेल तर ते निम्म्या किमतीतही महाग आहे.

पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा भुगा आणि चिपट्या डिंकासारख्या रसायनात कालवून, दाबून केलेली फळी. तिच्यात धागे नाहीत. स्क्रू पहिल्यांदा घट्ट बसतो. सामान सोडून पुन्हा जोडलं की त्याच भोकात तो फिरू लागतो, कारण आतला भुगा सुटलेला असतो. पाणी लागलं की बोर्ड फुगतो आणि वाळल्यावर पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. फरशी पुसताना कपाटाच्या पायाशी रोज ओलं फडकं लागतं, आणि कोकण-मुंबईची पावसाळी हवा तर सगळीकडूनच लागते. एमडीएफचा भुगा बारीक, पृष्ठभाग गुळगुळीत. पाण्यापुढे त्याचीही तीच गत. प्लायवूड बरं. त्यात लाकडाचे पातळ पापुद्रे आडवे-उभे चिकटवलेले असतात, म्हणून ते स्क्रू धरून ठेवतं. सागवान, शिसव किंवा कोकणातला फणस, म्हणजे अस्सल भरीव लाकूड, रंधा मारून पुन्हा कोरं करता येतं. अशा टेबलाचा एक पाय मोडला तर एक पाय करायचा, टेबल तेच राहतं.

अडचण अशी, की वरून या चौघांवर एकच सनमायका किंवा एकच पॉलिश असू शकतं. 'उचलून बघा, जड आहे म्हणजे सागवान' हा दुकानातला सल्ला फसवा आहे. एमडीएफ सागवानाइतकं, कधी त्याहूनही जड भरतं. म्हणून टेबल आधी उलटं करावं. विकणारे वरच्या बाजूला पॉलिश मारतात, खालच्या बाजूला कुणी मारत नाही. तिथे कच्चं लाकूड दिसतं, जुने खिळे दिसतात, नंतर ठोकलेल्या पट्ट्या दिसतात. मग फळीची कड बघावी. वरच्या रेषा कडेवरून खाली उतरत असतील, टोकाला झाडाच्या वलयांचे कंस दिसत असतील, तर लाकूड भरीव. कडेला बारीक सांधा आणि वर वेगळाच नक्षीचा पापुद्रा असेल, तर आत दुसरंच काही आहे. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून त्याचा तळ आणि मागची बाजू बघावी. सुतार जिथे कुणी बघणार नाही तिथे कसा वागला, ते तिथे कळतं. खुर्ची मात्र बसूनच बघायची. बसल्यावर थोडं डावीकडे-उजवीकडे हलायचं. सांधा सैल असेल तर घाबरायचं कारण नाही, तो उघडून, जुना डिंक खरवडून, फेव्हिकॉल घालून आवळता येतो. पण त्या सांध्यावर कुणी लोखंडी एल-पट्टी ठोकली असेल, तर आत लाकूड फाटलेलं आहे असं समजून निम्मा भाव सांगावा.

आणि कीड. लाकडाला बारीक गोल भोकं असणं म्हणजे लगेच नकार, असं नाही. ती जुनी असू शकतात. वस्तू हाताने ठोकावी. भोकांतून पिठासारखी ताजी भुकटी सांडली तर कीड आत जिवंत आहे. आंब्याच्या लाकडात हे फार. वाळवीने खाल्लेलं लाकूड बाहेरून धड आणि आतून पोकळ असतं, बोटाने ठोकल्यावर आवाज बदलतो. ढेकणांसाठी पलंगाचे सांधे, बोल्टची भोकं आणि कापडाच्या शिवणी टॉर्च लावून बघायच्या. काळे ठिपके दिसले तर दाम कितीही पाडले तरी परत फिरायचं. ढेकूण न खाता महिनोन् महिने तग धरतात, त्यामुळे 'वर्षभर कुणी वापरलेला नाही' ही हमी नव्हे. वापरलेली गादी, उशी आणि फोमचा बेड घेऊच नये. यावर माझ्याकडे दुसरी बाजू नाही.

जुन्या सागवानाचा बोलबाला उगाच नाही. मुंबईत १८६३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनसारख्या कंपन्यांनी ब्रह्मदेशातलं सागवान जहाजं भरभरून आणलं. जुन्या इमारतींच्या तुळया, जिने आणि कपाटं यांत ते दडलेलं आहे. आपल्याकडे चंद्रपूर-गडचिरोलीचं, बल्लारशाच्या डेपोतून येणारं सागवानही नावाजलेलं. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी तेच गेलं. जुन्या झाडांच्या लाकडात गाभा जास्त, तेल जास्त, म्हणून कीड कमी. आजचं लागवडीचं सागवान बरेचदा कोवळं असताना तोडलं जातं आणि त्यात पांढरट, किडीला आवडणारा बाहेरचा भाग अधिक असतो. थोडक्यात, आजोबांच्या टेबलासारखं लाकूड नवं घ्यायला जाल तर मध्यमवर्गीय खिशात बसणार नाही, आणि जुनं मात्र जिन्याखाली पडलेलं असतं.

मिळतं कुठे? मुंबईत जोगेश्वरी-ओशिवऱ्याचा फर्निचर बाजार मोठा. तिथे जुनं सामान आहेच, पण जुन्या लाकडाचं 'नवं' केलेलं सामानही भरपूर, आणि 'अँटिक' म्हणून कालच घासून-डागवून ठेवलेलंही. भेंडी बाजाराजवळच्या चोर बाजारात मटन स्ट्रीटवर आता हौशी गिऱ्हाइकाचे भाव लागतात. चार खुर्च्यांसाठी जाणाऱ्याने तिथे डोळे शेकून परत यावं. पुण्यात रविवारी आणि बुधवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात बिजागऱ्या, पितळी कड्या, कुलपं शोधायची. वाड्यांच्या तुळया-दारांसाठी भवानी पेठेच्या टिंबर मार्केटच्या आसपास चौकशी करायची. जहाजाच्या केबिनमधलं सामान मुंबईत येतं ते गुजरातेतल्या अलंगच्या जहाजतोडणीतून. ते दणकट असतं, पण जहाजाच्या मापाचं. आपल्या भिंतीला ते बसेलच असं नाही.

खरा बाजार मात्र माणसं बदली होऊन जातात तिथे असतो. भाडेकरार अकरा महिन्यांचे, ताबा महिन्याच्या शेवटी सोडायचा, म्हणून हिंजवडी-खराडी किंवा पवई-ठाण्याच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पंचवीस तारखेनंतर भाव झपाट्याने उतरतात. एकतीस तारखेला विकणाऱ्याला पैशापेक्षा खोली रिकामी होण्याची काळजी जास्त असते. ऑनलाइन व्यवहारात दोन गोष्टी पक्क्या: वस्तू हाताने बघितल्याशिवाय 'टोकन' पाठवायचं नाही, मग समोरचा लष्करात बदली झाल्याचं कितीही पटवून देवो. आणि आपलं जुनं सामान विकताना पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन टाकावा लागत नाही, कुठला कोड स्कॅनही करावा लागत नाही. तसं सांगणारा माणूस चोर आहे.

भाव ठरवताना लोक फक्त वस्तूची किंमत धरतात आणि तिथेच बजेट कोसळतं. समजा जेवणाचं टेबल आणि चार खुर्च्या ६,००० रुपयांना ठरल्या. छोटा हत्ती १,५००, हमाली ८००, पॉलिश आणि सांधे ४,०००. झाले १२,३००. लिफ्टमध्ये मावलं नाही आणि चौथा मजला असेल तर हमाली दुप्पट. म्हणून निघताना खिशात मीटरटेप हवा आणि कागदावर तीन मापं: लिफ्टच्या दाराची, जिन्याच्या वळणाची, घराच्या दाराची. जुना सागवानी पलंग बोल्ट काढून चार तुकड्यांत जिना चढतो. एल आकाराचा सोफा चढत नाही. तो दोरखंडाने गॅलरीतून वर ओढताना सबंध सोसायटी बघायला जमते. पलंगाच्या आतलं मापही घ्यावं, कारण जुन्या पलंगाला आजची तयार गादी बसतेच असं नाही, आणि मापाने करून घेतलेली गादी पलंगापेक्षा महाग पडू शकते.

गोदरेजचं लोखंडी कपाट हे कमी पैशात घर उभं करणाऱ्यांचं खरं धन आहे. गोदरेजने लोखंडी कपाटं करायला १९२३ मध्ये सुरुवात केली, आणि पन्नाशी उलटलेली कपाटं आजही बिनतक्रार उभी आहेत. तळाला आणि मागच्या पत्र्याला गंज आहे का एवढं बघायचं. दार लागत नाही म्हणून कुणी कपाट टाकून देत असेल तर आनंदाने उचलावं. बरेचदा दोष कपाटाचा नसून फरशीच्या उताराचा असतो आणि पायाखाली पातळ पट्टी सरकवली की दार लागतं. रंगासाठी सुताराकडे जाऊ नये. गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करणारा ते मशीनने फवारून हव्या त्या रंगात देतो. लष्करी हिरवं कपाट एकदा फिकट पिवळं किंवा गडद निळं झालं की पाहुण्यांना ते जुनं आहे हे सांगावं लागतं.

जुन्या रंगवलेल्या सामानाबाबत मात्र सावध राहायला हवं. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त नको, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगांत ते कितीतरी अधिक असू शकतं. असा रंग घरात कोरडा घासला की त्याची धूळ मुलांच्या पोटात जाते. काचपेपर ओला करून, बाहेर, मास्क लावून घासावं, आणि रांगतं मूल असेल त्या घराने हे काम दुकानातच करून घ्यावं. जुना रंगीत पाळणा तर घेऊच नये.

सोफा शेवटी. सोफ्यात लाकडाचा सांगाडा सोडला तर सगळं झिजणारं असतं, त्यामुळे मोकळ्या गाद्यांचा लाकडी सोफा घ्यावा. फोम 'फोर्टी डेन्सिटी'चा मागावा, म्हणजे घनमीटरला ४० किलोचा. हलका फोम लवकर बसतो. खोळी चेनच्या, धुता येणाऱ्या, आपल्या नेहमीच्या शिंप्याकडून. सोलापुरी चादरीच्या खोळी छान दिसतात आणि डागांना भीत नाहीत. खुर्च्यांत इराणी हॉटेलातल्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या दिसल्या तर सोडू नयेत. थोनेट कंपनीने १८५९ मध्ये आणलेल्या चौदा नंबरच्या खुर्चीचं हे गोत्र. सहा तुकडे, थोडे स्क्रू. सुटी करून एका घनमीटरच्या खोक्यात छत्तीस खुर्च्या मावत. अजूनही ती स्क्रूड्रायव्हरने उघडते. वेत फाटला असेल तर विणून घेता येतो. आपल्याकडे हे काम अनेक अंध कारागीर पिढ्यान् पिढ्या सफाईने करत आले आहेत.

घरातून विरोध होईल, तो पलंगावरून. 'कुणाचा असेल, कोण त्यावर गेलं असेल' हे सासूबाईंचं म्हणणं धुडकावून लावू नये. पलंग नवा करून घ्यावा आणि टेबल-कपाट जुनं घ्यावं. लिहायच्या टेबलावर सहसा कुणी मरत नाही. गंमत म्हणजे त्याच घराला कुणी शंभर वर्षांचा कोरीव देव्हारा दिला तर तो कुणाच्या घरातून आला हे कोणी विचारत नाही.

पॉलिशची वेळ मात्र चुकवू नये. लाखेचं पॉलिश सगळ्यात स्वस्त, दिसायला ऊबदार आणि घरच्या घरी पुन्हा मारता येणारं; पण त्यावर गरम कप ठेवला की पांढरा डाग पडतो, म्हणून जेवणाच्या टेबलाला मेलामाइन किंवा पीयू बरं. दमट हवेत लाखेचं पॉलिश पांढुरकं होतं, त्यामुळे पावसाळ्यात कुठलाही चांगला पॉलिशवाला टाळाटाळ करतो. पाऊस थांबला की दिवाळी येते, आणि तोवर त्याच्याकडे नंबर लागलेले असतात. जूनमध्ये एखादं सागवानी टेबल हाती लागलंच, तर ते पुसून तसंच वापरावं, वर मेणकापड घालावं आणि त्याला डिसेंबरचं सांगून ठेवावं. डिसेंबरमध्ये तो भावही कमी लावतो.