घाटातला दुसरा ड्रायव्हर

घाटात एस.टी. बंद पडली की कंडक्टर बोलायच्या आत मागच्या बाकावरून प्रश्न येतो, "डिझेल संपलं काय?" डिझेल संपलेलं नसतं, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं. पण तिथून पुढे गाडी एकट्या ड्रायव्हरची राहत नाही. स्वारगेटहून सुटलेल्या प्रत्येक गाडीत निदान एक प्रवासी असा असतोच, ज्याचा मेव्हणा कुठल्यातरी डेपोत मेकॅनिक असतो. तो खाली उतरतो, शर्टाच्या बाह्या दुमडतो आणि काहीही न करता इंजिनाकडे बघत उभा राहतो.

बिघाड बहुधा ठरलेलेच. खंबाटकीच्या चढाला रेडिएटर तापतो. मग बाटल्या, कळशी, डबा, जे हाती लागेल त्यातून पाणी येतं. झाकण लगेच उघडायचं नाही, हे ड्रायव्हर जाणतो आणि मेव्हणेवाला विसरतो. कधी डिझेलच्या नळीत हवा शिरते. त्याला 'एअर धरली' म्हणतात. मग स्क्रू सैल करून हातपंप दाबत राहायचं, डिझेलातले बुडबुडे थांबेपर्यंत. बॅटरी उतरली तर उपाय सार्वजनिक, म्हणजे धक्का. मुक्कामी गाडीचा जाणता ड्रायव्हर म्हणूनच रात्री ती उतारावर तोंड करून लावतो. पहाटे सेल्फने दगा दिला तरी उतार देत नाही, आणि गावाला झोपेतून उठवून ढकलायला लावायची पाळी येत नाही.

पुणे-मुंबई मार्गावर हे सगळं बोरघाटात व्हायचं. द्रुतगती मार्ग होण्याआधी खोपोलीला वडा खाऊन चढाला लागलेली गाडी खंडाळ्याला पोचेल की नाही, यावर गप्पा रंगत. घाटात शिंगरोबाचं देऊळ आहे. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर अशी त्याची कथा सांगतात. जाता जाता त्याच्यापुढे नाणं टाकण्याची ड्रायव्हर लोकांची रीत आहे. माझ्या मते घाटातली ही सर्वात स्वस्त दुरुस्ती. याच मार्गावर 'एशियाड' धावली. १९८२च्या दिल्लीतल्या आशियाई स्पर्धांसाठी घेतलेल्या बसगाड्या एस.टी.कडे आल्या, आणि पुढची प्रत्येक निमआराम गाडी त्याच नावाने ओळखली गेली. खरोखर आशिया ओलांडणारी बसही होती. १९५७ साली लंडनहून कलकत्त्याला गेलेली 'इंडियामॅन' परतीला सोळा दिवस उशिरा पोचली. इतका उशीर आपल्याकडे झाला असता, तर चौकशीच्या खिडकीतून "येतेय, येतेय" असंच उत्तर मिळत राहिलं असतं.

एस.टी.च्या गाड्यांचं माहेर पुण्यातच, दापोडीला आहे. महामंडळाच्या तीन मध्यवर्ती कार्यशाळांपैकी ही एक. बाकीच्या दोन चिकलठाणा आणि हिंगण्याला. कारखान्यातून येते ती नुसती चासी: इंजिन, चाकं, स्टीअरिंग, आणि तोंडाला रुमाल गुंडाळून उघड्यावर बसलेला ड्रायव्हर. त्याच्याभोवती घर बांधायचं काम इथलं. सांगाडा, पत्रा, बाकं, खिडक्या, शेवटी रंग. खिळखिळी होऊन परतलेली गाडीही इथे पुन्हा उभी राहते. खिडकीची काच वर गेली की खाली येत नाही आणि खाली आली की वर जात नाही, ही कला मात्र गाडी रस्त्यावर शिकून येते.

पहिली गाडीही पुण्याचीच. १ जून १९४८ला ती नगरला गेली; बेडफर्डची, लाकडी बांधणीची. ड्रायव्हर किसन राऊत, कंडक्टर लक्ष्मण केवटे. बरोबर ७४ वर्षांनी, १ जून २०२२ला, याच मार्गावर विजेवरची 'शिवाई' सुरू झाली. तिच्या डिझेलच्या नळीत हवा शिरायची सोय नाही, कारण नळीच नाही. मेव्हणेवाल्यांवर ही बेकारीच आली म्हणायची.

गाडी अगदीच हलेना, तर शेवटचा मार्ग एकच: मागून येणाऱ्या गाडीत प्रवासी बसवून देणं. कंडक्टर रस्त्यात उभा राहून हात करतो. पहिल्या गाडीला तो दिसत नाही, दुसरी दूरवर जाऊन थांबते. मग पिशव्या, पोरं, ट्रंका, कुणाची तरी आंब्याची पेटी घेऊन सगळी वरात तिकडे पळते. तिकीट पुन्हा काढावं लागत नाही. पण त्या गाडीत तिघांच्या बाकावर दोघं पाय पसरून बसलेले असतात, आणि आपण दिसताच दोघांनाही अचानक गाढ झोप लागते. त्यांना उठवायचा अधिकार कुणाकडे आहे, हे महामंडळाच्या कुठल्याच पाटीवर लिहिलेलं नाही.