अब्बांच्या बुलेटचं वजन

मोटारसायकल हलकी करून घेतोय असं सांगितलं की लोक पहिला प्रश्न विचारतात, "का, पळवायचीय का?" नाही हो. मी 57 वर्षांचा आहे, उजवा गुडघा दोन वर्षांपासून कुरकुर करतो आणि मला कुठेही पळत जायचं नाही. अब्बांची बुलेट घराच्या बोळातून बाहेर काढता यावी, जामखेडच्या बाजाराच्या गर्दीत उभी करता यावी आणि संध्याकाळी परत आणता यावी, एवढंच मागणं होतं.

झालं असं की गेल्या उन्हाळ्यात पेट्रोल पंपावर ती माझ्या हातून कलली. पडली म्हणण्यापेक्षा बसली. मी हँडल घट्ट धरलं होतं, पण एका हद्दीनंतर धरणारा आणि धरलेली, दोघंही खाली गेलो. तीन पोरांनी मिळून उचलली. त्यातल्या एकाने "काका, आता स्कूटर घ्या" असा प्रेमळ सल्लाही दिला. तो सल्ला गुडघ्यापेक्षा जास्त दुखला.

गाडी सरळ उभी असते तेव्हा तिचं वजन चाकं घेतात, माणूस घेत नाही. ती कलायला लागली की हिशेब बदलतो. गाडीचं सगळं वजन एका ठिकाणी गोळा केलं तर तो बिंदू जमिनीपासून हँडलच्या साधारण निम्म्या उंचीवर येईल असं धरू. मग 180 किलोची गाडी 10 अंश कलली तर हँडलशी ती तोलून धरायला ढोबळमानाने 15-16 किलोचा जोर लागतो. 20 अंशांना 30 किलो. 30 अंशांना 45 किलो. म्हणजे पहिल्या क्षणी जी गाडी दोन बोटांनी सावरते, तीच पुढच्या क्षणी कांद्याची गोणी होते. आणि यात वजन किती याइतकंच ते किती उंचावर आहे हेही मोजलं जातं. दुप्पट उंचीवरचा एक किलो कलत्या गाडीत दोन किलोंसारखा ओढतो. टाकीतलं पेट्रोल घ्या. एक लिटर पेट्रोल साधारण पाऊण किलोचं. आमच्या टाकीत 14 लिटर मावतं, म्हणजे भरली की दहा किलोंवर वजन, तेही गाडीच्या जवळजवळ सगळ्यात वरच्या भागात. त्या दिवशी पंपावर मी टाकी काठोकाठ भरून घेतली होती.

तेव्हा वजन कमी करण्याचा पहिला आणि फुकटातला उपाय हा की टाकी अर्धीच भरायची. हे मला आमच्या मिस्तरींनी सांगितलं. मिस्तरी सत्तरीचे आहेत आणि स्पॅनरला पाना म्हणणाऱ्या पिढीतले आहेत.

बुलेट हे नाव 1932 सालापासूनचं. मागच्या चाकाला झुलता आर्म आणि स्प्रिंग असलेलं, आपण ओळखतो ते रूप दुसऱ्या महायुद्धानंतरचं. आपल्या लष्कराने ती सीमेवरच्या गस्तीसाठी घेतली आणि 1955 सालापासून मद्रासला तिची जुळणी सुरू झाली. पुढे इंग्लंडमधला मूळ कारखाना बंद पडला, मद्रासचा चालू राहिला. अब्बांनी 1978 साली जी घेतली ती दुसऱ्या हातची होती. 346 सीसी, सिलिंडर बिडाचं. बीड म्हणजे ओतीव लोखंड, आमच्या शेजारचा जिल्हा नव्हे. पत्रा असा की त्यावर वाजवलं तर घंटेसारखा नाद यावा. त्याच काळात आमच्याच जिल्ह्यात, नगरला, कायनेटिकच्या कारखान्यात लुना तयार होत होती. लुना 1972 साली बाजारात आली होती. पेट्रोल संपलं तर सायकलीसारखी पायडल मारत घरी न्यायची. अब्बांना लोकांनी तीच घ्या म्हणून सांगितलं. पण अब्बा कापडाचे व्यापारी. खर्डा, नान्नज, अरणगाव असे आठवडी बाजार धरायचे. (खर्डा म्हणजे 1795 च्या लढाईचं खर्डा.) लुनावर कापडाचे गठ्ठे आणि वर अम्मी हे जमणारं नव्हतं.

मग पंचवीस वर्षांत अब्बांनी त्या गाडीवर काय काय चढवलं! मागे जाड पट्टीचं कॅरियर. दोन्ही बाजूंना गठ्ठे अडकवायला लोहाराकडून घडवून घेतलेल्या लोखंडी चौकटी. पुढे लेग गार्ड. बैलगाड्यांना ऐकू जावा म्हणून दुसरा हॉर्न आणि त्याचा जाडजूड ब्रॅकेट. गाडी म्हातारी होत गेली तशी वजनदारही होत गेली. माणसांचंही असंच होतं म्हणा.

काम आमच्या भाच्याने अंगावर घेतलं. त्याने मोबाइलवर फोटो दाखवले. इंग्लंडात 1950-60 च्या दशकांत पोरं जुन्या मोटारसायकली उघड्या करून, हँडल खाली घेऊन एका चहाच्या टपरीपासून दुसऱ्या टपरीपर्यंत शर्यत लावायची, तशा गाड्या. अमेरिकेत युद्धावरून परतलेल्यांनी मडगार्डं छाटून केलेल्या गाड्या. दिसायला देखण्या, यात वाद नाही. भाच्याचं तत्त्व सोपं होतं : जे काढल्यावरही गाडी चालते ते काढायचं. मीही मान डोलावली. कविता लिहिणाऱ्याला शब्द कापायची सवय असते, मला वाटलं हेही तसंच असणार. पण कवितेत एखादी ओळ जास्त कापली गेली तर फार तर संपादक साभार परत पाठवतो.

मिस्तरींनी मात्र आधी वजन करायला लावलं. आडत दुकानातला गोण्या मोजायचा मोठा काटा घेतला. पुढचं चाक काट्यावर ठेवायचं, मागचं चाक तेवढ्याच उंचीच्या लाकडी ठोकळ्यावर. आकडा लिहायचा. मग उलटं करायचं. दोन्हींची बेरीज म्हणजे गाडीचं वजन, आणि कोणत्या चाकावर किती भार आहे तेही कळतं. ठोकळा ठेवला नाही तर आकडा चुकतो. अर्ध्या टाकीनिशी पुढे 82 किलो, मागे साडेएकशे तीन, एकूण 185.5. काट्यावरच्या पोराला पावतीत मालाचं नाव लिहिणं भाग होतं. त्याने सवयीने 'कांदा' लिहिलं.

यानंतर प्रत्येक सुटा भाग वेगळा मोजला. लेग गार्ड 4.5 किलो. कॅरियर 3. अब्बांच्या दोन चौकटी मिळून 6. जादा हॉर्न, ब्रॅकेटसकट 1.5. सीटच्या आत जाड पत्रा आणि पलंगासारख्या स्प्रिंगा होत्या, नवी सीट त्यापेक्षा 3 किलो हलकी झाली. आणि मडगार्डांच्या आत थरावर थर वाळलेला चिखल निघाला, तो दीड किलो. कुठल्या कुठल्या बाजारांची माती होती देव जाणे. मी त्यातलं एक ढेकूळ ठेवून घेतलं, भाचा हसला.

खरी हुज्जत पुढे सुरू झाली. भाच्याला चौकटीचा, म्हणजे फ्रेमचा, मागचा भाग कापून आखूड करायचा होता. मिस्तरी म्हणाले, "लोखंड दोन जातीचं असतं. एक वाहणारं, एक वाहून न्यावं लागणारं. कॅरियर काढ, लेग गार्ड काढ. पण फ्रेम वाहते, तिला हात लावू नको." त्यांनी एक उदाहरण सांगितलं. कुठल्याशा गॅरेजात एकाची फ्रेम अशीच कापून वेल्डिंग केली होती. वेल्डिंग दिसायला गुळगुळीत. सौताड्याच्या रस्त्यावर खड्ड्यात आपटली आणि जोडाशेजारीच उकलली. जोड टिकतो, पण जोडाच्या कडेचं लोखंड तापून वेगळंच झालेलं असतं, तिथे चीर सुरू होते.

मग ॲल्युमिनियम. भाच्याचा हिशेब बरोबर होता, ॲल्युमिनियमचं वजन लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश. पण त्याचा ताठरपणाही जवळजवळ तेवढाच, एक तृतीयांश. म्हणून तेवढंच न वाकणारं हवं असेल तर भाग जाड करावा लागतो आणि वाचवलेल्या वजनातलं बरंचसं परत येतं. शिवाय पोलादावर एका मर्यादेच्या आतला ताण कितीही वेळा दिला तरी ते सहसा निभावतं. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नसते, छोटे छोटे धक्केही ते मनात साठवत जातं. मडगार्डाला, पट्टीला, झाकणाला चालेल. एक्सलला, ब्रेकच्या दांडीला नाही.

रेडिओवर बोलताना हातात भाग धरून दाखवता येत नाही, म्हणून चाकांचं वेगळ्या वाटेने सांगतो. आमच्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली सुरू केलेला ग्रामीण आरोग्य प्रकल्प आहे. तिथे जयपूर पद्धतीचे कृत्रिम पायही तयार होतात. पाय वापरणाऱ्या कुणालाही विचारा, कमरेला एक किलो बांधलं तर फारसं जाणवत नाही, तेच पावलाशी असलं तर दर पावलाला उचलावं लागतं. चाकाचं तसंच. स्प्रिंगच्या वर जे वजन आहे ते स्प्रिंग झुलवते. स्प्रिंगच्या खालचं, म्हणजे रिम, टायर, ब्रेकचा ड्रम, हे प्रत्येक खड्ड्यात स्वतः उसळतं. शिवाय ते फिरवावंही लागतं आणि थांबवावंही लागतं. म्हणून चाकातला एक किलो कमी झाला तर तो जास्त मोलाचा. आम्ही मात्र रिमा बदलल्या नाहीत. जुन्या 19 इंची पोलादी रिमा सरळ होत्या, आणि माझ्या चालीला तो खर्च शोभणारा नव्हता.

फ्लायव्हील लेथवर उतरवायची कल्पना मिस्तरींनी ऐकूनही घेतली नाही. बुलेटचा तो संथ ठोका लांब स्ट्रोकमधून आणि जड फ्लायव्हीलमधून येतो. ते हलकं केलं तर इंजिन चटकन वर चढतं खरं, पण कमी वेगात अडखळतं, आणि मला तर कमी वेगातच जायचं आहे. सायलेन्सरही मूळचाच ठेवला. मोठ्या आवाजाचे सायलेन्सर पोलीस रोड रोलरखाली चिरडतात त्याचे फोटो भाच्याने पाहिले होते, त्यामुळे तिथे वाद झाला नाही.

राहिलं साडी गार्ड. दोन किलोंच्या आतबाहेरची ती जाळी भाच्याने पहिल्याच दिवशी काढून भिंतीला टेकवली होती. माझं लक्ष नव्हतं. आपा, म्हणजे त्याची आई, डबा घेऊन आली आणि दारातच थांबली. तिने विचारलं, "हे कुणी काढलं?" बस, एवढंच.

1991 साली आपा एका नातेवाइकाच्या गाडीवर मागे बसून खर्ड्याला निघाली होती. त्या गाडीची जाळी कुणीतरी काढून टाकली होती, धुताना अडचण होते म्हणून. ओढणी मागच्या चाकात गेली. गाडी हळू होती, ओढणी फाटली, म्हणून ती वाचली. त्या दिवसापासून तिचा आवाज बारीक झाला तो झालाच. भाच्याने जन्मापासून तोच आवाज ऐकलाय, त्याला वाटायचं आईचा आवाजच असा. आमच्या घरात त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी त्या दुपारी सांगितलं. तो काही बोलला नाही.

मागे बसायची सोय असलेल्या नव्या मोटारसायकलींना केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या 123 व्या नियमाप्रमाणे धरायला मूठ, पाय ठेवायला आधार आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं संरक्षण असावंच लागतं. हा 1989 चा नियम. आणि कायद्याचं निघालंच आहे तर, कलम 52 प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलांशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये ते पक्कं केलं. नोंदणीच्या पुस्तकात रिकाम्या गाडीच्या वजनाचा रकाना असतो, तो मी आजवर कधी वाचला नव्हता. आम्ही उतरवलं ते बहुतेक सगळं अब्बांनी नंतर चढवलेलं. गाडी कंपनीतून निघाली होती त्याच वजनाच्या जवळ परत आली.

पुन्हा काट्यावर घेतली. पुढे 77, मागे 89. एकूण 166 किलो, साडी गार्ड धरून. साडेएकोणीस किलो उतरले, त्यातले बरेचसे मागून आणि वरून. आता बोळातून काढताना ती कलते तेव्हा मला तिला परत सरळ करता येतं. मेन स्टँडवर चढवायला मात्र अजून भाचा लागतो. तो स्टँड काढूया म्हटलं तर मिस्तरी म्हणाले, पंक्चर झाल्यावर दगड शोधत फिराल.

अब्बांच्या चौकटी भंगारात घातल्या नाहीत. अम्मीने त्या परसात उभ्या करून त्यांवर कारल्याचा वेल सोडलाय. साडी गार्ड भाच्याने घासून काळा रंग दिला आणि स्वतः बसवलं, बोल्ट दोनदा आवळले. आपा अजून मागे बसलेली नाही.