लेकराचा रिपोर्ट मोठ्यांच्या मापाने वाचू नका

लॅबमधून रिपोर्ट आला की आपली नजर आधी ठळक छापलेल्या आकड्यावर जाते. दोन वर्षांच्या लेकराच्या रिपोर्टात 'लिम्फोसाइट ५८ टक्के' दिसले की घर घाबरते. पण शेजारी छापलेली २० ते ४० ही मर्यादा मोठ्या माणसाची असते. लहानपणी या पेशी जास्तच असतात. चार-पाच वर्षांनंतर हे प्रमाण हळूहळू पालटते.

असेच आणखी एक उदाहरण पाहू. जंतूंशी लढायला पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीतून बाहेर पडावे लागते. त्याआधी त्या आतल्या भिंतीला चिकटतात. सिलेक्टिन, आयकॅम ही प्रथिने त्यांना धरून ठेवतात. या प्रथिनांचे सुटे तुकडे रक्तात मोजता येतात. निरोगी मुलांत ई-सिलेक्टिन मोठ्यांपेक्षा जास्त आढळते आणि वयाबरोबर उतरते. म्हणून नुसता आकडा जास्त दिसला म्हणजे आजार झाला, असे होत नाही. ही तपासणी रोजच्या रिपोर्टात नसते. कोणी करायला सांगितली, तर पैसे भरण्याआधी कारण विचारावे.

मात्र क्वचित एखाद्या बाळाच्या पांढऱ्या पेशींवर चिकटण्याचे प्रथिन जन्मतःच नसते किंवा फार कमी असते. नाळ एरवी एक-दोन आठवड्यांत गळते. तीन-चार आठवडे होऊनही गळाली नाही, बेंबी लाल झाली, जखम भरत नाही पण पूही धरत नाही, असे दिसले तर थांबू नका. मामे-आते नात्यातल्या लग्नात हा धोका वाढतो. अशा बाळाला लगेच घाटीच्या बालरोग विभागात दाखवा. या आजाराची खास तपासणी मुंबईत परळच्या केईएम आवारातील राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत होते.

आपल्या वस्त्यांतली रोजची काळजी मात्र हिमोग्लोबिनची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षांची ६८.९ टक्के मुले रक्तक्षयी आढळली. इथेही वयानुसार माप बदलते: दोन ते चार वर्षांना किमान ११, पाच ते अकरा वर्षांना ११.५, बारा ते चौदा वर्षांना १२ ग्रॅम.

म्हणून रिपोर्ट घेताना लेकराचे वय नीट लिहून घ्या, जुने कागद जपा, आणि डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा: "या वयाला हा आकडा बरोबर आहे का?" अंगणवाडीत आणि शाळेत होणारी सरकारी आरोग्य तपासणीही चुकवू नका. ती मोफत आहे आणि आपल्या लेकरांचा तो हक्क आहे.