मॅक्रो लेन्स घेताना अंतर मोजा



सुट्टीत गाझियाबादला घरी येणारी फोटोग्राफीवेडी मुले मला हमखास विचारतात, "काका, मॅक्रो लेन्स कोणती घेऊ?" लेन्स स्वस्त नसते आणि पैसे आईबाबांचे असतात. म्हणून आधी ती काय करते ते समजून घेऊ. हा लेख पालकांनीही वाचावा.

खरी मॅक्रो लेन्स १:१ प्रतिमा देते, म्हणजे वस्तू जेवढी असेल तेवढीच तिची प्रतिमा कॅमेऱ्याच्या सेन्सरवर पडते. अनेक झूम लेन्सवर 'मॅक्रो' असे छापलेले असते, पण त्यातल्या बऱ्याच १:४ च्या आसपासच थांबतात. याउलट एक कंपनी आपल्या खऱ्या मॅक्रो लेन्सला 'मायक्रो' म्हणते. त्यामुळे नावावर जाऊ नका, कंपासपेटीतली पट्टी सोबत न्या. लेन्स सर्वांत जवळच्या फोकसवर ठेवून पट्टीचा फोटो काढा. फुल-फ्रेम कॅमेऱ्यात फोटोच्या रुंदीत ३६ मिलिमीटर दिसले, तर लेन्स १:१ आहे. लहान सेन्सरच्या एपीएस-सी कॅमेऱ्यात हाच आकडा २२ ते २४ मिलिमीटर येतो. दुप्पट मिलिमीटर दिसले, तर ती १:२ समजा.

महत्त्वाचे आहे ते अंतर

१:१ तर ६० मिलिमीटरची लेन्सही देते आणि १०० किंवा १८० ची सुद्धा. मग फरक कशात? लेन्सच्या टोकापासून किड्यापर्यंत उरणाऱ्या जागेत. १:१ वर ६० मिलिमीटरला ही जागा जेमतेम ५ सेंटिमीटर असते, १०० ला सुमारे १३ ते १५ आणि १८० ला साधारण २५ सेंटिमीटर. माहितीपत्रकातले 'किमान फोकस अंतर' सेन्सरपासून मोजलेले असते. त्यात कॅमेऱ्याची जाडी आणि लेन्सची लांबीही धरलेली असते, त्यामुळे तो आकडा पाहून फसायला होते.

आमच्याकडचे उदाहरण देतो. हिवाळ्यात गाझियाबादच्या बाहेर मोहरी फुलते. तिच्या शेंड्यांवर मावा पडतो आणि मावा खायला सात ठिपक्यांचा लाल ढालकिडा येतो. हा ढालकिडा सुमारे ७ मिलिमीटरचा, तर मावा २ मिलिमीटरच्या आसपास. ६० ची लेन्स घेऊन गेलात, तर तुमची सावली आधी पोहोचते आणि ढालकिडा पानाखाली जातो किंवा खाली पडून पाय आखडून घेतो. १०० ची लेन्स असेल, तर तो खात राहतो आणि तुम्हाला हवा तो फोटो मिळतो. तळ्याकाठच्या चतुरासाठी १८० आणखी बरी, पण ती जड आणि महाग. नाणी, तिकिटे, फुले, बॅज अशा स्थिर वस्तूंसाठी ६० पुरते. पहिलीच लेन्स घेणाऱ्याला मी ९० ते १०५ मिलिमीटरमधली सुचवतो. तिने माणसांचे फोटोही छान येतात.

कमी खर्चाची वाट

लगेच लेन्सच घ्यायला हवी असे नाही. कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसणाऱ्या पोकळ नळ्या, म्हणजे एक्स्टेन्शन ट्यूब, मिळतात. त्यांचे गणित सोपे आहे: ५० मिलिमीटरच्या लेन्समागे २५ मिलिमीटरची नळी लावली, तर १:२ आणि ५० ची लावली, तर १:१. नळीत काच नसते, म्हणून ती स्वस्त. मात्र लेन्स वस्तूच्या अगदी जवळ न्यावी लागते आणि नळी असेपर्यंत दूरचे काही फोकस होत नाही. अ‍ॅपर्चर कॅमेऱ्यातून बदलता यावे यासाठी विद्युत संपर्क असलेली नळी घ्या. चार महिने हिच्यावर हात बसवा. आवड टिकली, तर मग लेन्स.

वापरताना

१:१ वर फुल-फ्रेम कॅमेऱ्यात एफ/८ ला सुमारे १ मिलिमीटर खोलीच स्पष्ट येते, एफ/१६ ला सुमारे २. त्याहून अ‍ॅपर्चर लहान केले, तर सगळाच फोटो मऊ पडतो. म्हणून एफ/८ ते एफ/१६ मध्ये राहा, फोकस डोळ्यावर ठेवा आणि कॅमेरा किड्याच्या अंगाला समांतर धरा. इतक्या जवळ गेल्यावर सेन्सरपर्यंत पोहोचणारा प्रकाशही जवळजवळ चौथाईवर येतो. फ्लॅश वापरा, पण त्यापुढे बटर पेपर लावा, म्हणजे ढालकिड्याच्या पाठीवर पांढरा डाग चमकणार नाही.

ऑटोफोकस इथे गोंधळतो. तो बंद करा, लेन्सवर हवे ते मोठेपण ठरवा आणि स्वतःच केसभर पुढेमागे होऊन फोकस साधा. फायरिंग रेंजवर शिकलेले इथे कामी येते. कोपर टेकवायचे, श्वास अर्धा सोडून रोखायचा, बोट हळूच दाबायचे. जाताना वाकून, सावकाश, सावली मागे ठेवून जा. थंडीत सूर्य वर येण्याआधी पोहोचा. गारठ्याने किडे सुस्त असतात आणि अंगावर दव असते.

जुनी लेन्स घेताना

गाझियाबादच्या शहीद स्थळ स्थानकातून लाल मार्गिकेने काश्मीरी गेट आणि तिथून पिवळ्या मार्गिकेने चांदणी चौक गाठता येतो. तिथल्या कूचा चौधरी मार्केटमध्ये कॅमेऱ्याची दुकाने ओळीने आहेत. जुनी लेन्स मोबाइलच्या उजेडात आरपार पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले, तर ती बुरशी. लेन्स परत द्या. पट्टीची चाचणी तिथेच करा. घरी पावसाळ्यात लेन्स सिलिका जेलसह घट्ट डब्यात ठेवा.

दोन नियम

गाझियाबादेत हिंडनला हवाई दलाचा तळ आहे. अशा कोणत्याही संरक्षण आस्थापनेच्या परिसरात मनाई असते तिथे कॅमेरा बॅगेतच राहील, समोर नुसते फुलपाखरू असले तरी. शाळेच्या आवारातही आधी परवानगी घ्या.

दुसरा नियम किड्याच्या बाजूचा. फोटोसाठी त्याला फ्रिजमध्ये गार करणे, चिकटवणे, फांदी तोडून आणणे हे करायचे नाही. आपण गेल्यानंतरही त्याचे काम चालू राहायला हवे. १०० मिलिमीटरच्या लेन्ससाठी मोजलेल्या जादा पैशांत तुम्ही ते १५ सेंटिमीटर अंतर विकत घेत असता. त्याचा उपयोग तुम्हाला आहे, तसाच त्या ढालकिड्यालाही.